मूळची क्लोनडॉकिनची

इफी मंगळवारी गेली. सकाळच्या सुट्टीत ती शिकवायची त्या शाळेच्या व्हरांड्यात पडली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. दुपारी दोन वाजता हॉस्पिटलमधून तिच्या आईचा, ब्लेसिंगचा, मला फोन आला. "पापा सई, घरी या. मला एकटीला दार उघडता येणार नाही." आमच्या सईचा बाप म्हणून तिच्यासाठी मी पापा सई. मी ऑफिसातून निघालो. इफी एकोणतीस वर्षांची होती.

त्याला आता सहा आठवडे झाले. इतके दिवस मी लिहायला बसत होतो आणि उठत होतो. अडचण अशी, की मी गंभीरपणे सुरुवात करतो, दोन ओळी होतात आणि मला हसू फुटतं. तिच्याबद्दल संथपणे काही सांगताच येत नाही. ती स्वतःच संथ नव्हती. तेव्हा हे जरा धावेल, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

डब्लिनच्या पश्चिमेला क्लोनडॉकिन हे आमचं उपनगर. इथली घरं जोडीजोडीने बांधलेली, दोन घरांत एकच भिंत. आमच्या भिंतीपलीकडे ब्लेसिंग आणि तिची मुलगी. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही इथे सामान उतरवलं तेव्हा दहा वर्षांची इफी मधल्या बुटक्या कुंपणावर बसली होती आणि हातातल्या केसांच्या ब्रशचा माइक करून बोलत होती. "सोफा दारात अडकलाय, सभ्य स्त्रीपुरुषहो. उंच माणूस म्हणतोय डावीकडे, त्याची बायको म्हणतेय उजवीकडे. बायकोचं बरोबर आहे. आणि… हो, गेला, सोफा आत गेला, काय हा क्षण." उंच माणूस म्हणजे मी. सोफा खरोखर उजवीकडूनच आत गेला.

घाम पुसून मी तिच्याशी बोलायला गेलो आणि आपण मराठी माणसं नव्या माणसाला जे पहिलं विचारतो तेच विचारलं, तू कुठली?

"चौदा नंबरची."

"तसं नाही. मूळची कुठली?"

तिने विचार केला. "मूळचे आम्ही चाळीस नंबरला होतो. तिथे ओल यायची, म्हणून इकडे आलो."

मी हसलो, ती हसली नाही. पुढे मी तिला कधीतरी समजावलं, की आमच्याकडे हे प्रेमाने विचारतात. मूळचे कुठले कळलं, की दोन ओळखीची आडनावं निघतात, एखादा आतेभाऊ निघतो आणि चहा होतो. ती म्हणाली, "तुला विचारलं तर तू सातारा सांगतोस आणि समोरचा खूश होतो. माझ्याकडेही उत्तर आहे, काका. पण माझं उत्तर ऐकून ते थांबत नाहीत. पुन्हा विचारतात." तेव्हा ती बारा वर्षांची असेल. मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं तपासतो, दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढणं हा माझा धंदा आहे, आणि माझ्या स्वतःच्या पहिल्या वाक्यातली चूक मला अशी दोन वर्षांनी कळली.

'काका' ती मला आमच्या सईच्या इतर मैत्रिणींचं ऐकून म्हणायला लागली. इफी आयरिश माध्यमाच्या शाळेत होती. तिने पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात हसून अक्षरशः जमिनीवर बसली. कारण आयरिश भाषेत 'काका' म्हणजे केक. तसाच उच्चार, फक्त लिहिताना पहिल्या 'a'वर एक तिरकी रेघ द्यायची. "आणि ती रेघ विसरलास तर काय होतं माहितेय?" तिने कानात सांगितलं. रेघ नसेल तर अर्थ थेट शौचकूपात जातो. त्या दिवसापासून माझ्या दर वाढदिवसाला दारात इफी, हातात स्वतः केलेला बिघडलेला केक. "काकासाठी काका. रेघेसकट."

आमची सई घरात मराठी समजायची आणि उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत द्यायची. अजूनही तसंच. इफी मात्र शब्द गोळा करायची. भिजवण, उंडा, पांचट, धसमुसळी. माझ्या बायकोच्या पुरणपोळीचं तिने एकदा तीन भाषांत समालोचन केलं होतं. पोळी तव्यावर पडताना ओरडली, "आणि उलटली, फाटली का, नाही फाटली, काठ शाबूत आहे, काय ही बाई, काय हे मनगट." बायकोला हसून हसून पुढची पोळी उलटता येईना. ती जळली, तर तिचंही समालोचन झालं.

माझी आई त्या सुमारास सहा महिन्यांसाठी कोरेगावहून आली होती. मुली टेबलाशी खात होत्या. आई इफीकडे निरखून बघत मला म्हणाली, "पोरगी काळी हाय, पण नाकीडोळी नीटस हो. दात बघ कसं हायती." मी आईला थांबवलं नाही. वाटलं, इफीला कुठे कळतंय.

इफीने तोंडातला घास गिळला आणि मराठीत म्हणाली, "आजी, मी काळी नाही. मी गोरम."

"गोरं?" आई म्हणाली. "आगं, आरशात बघितलंस का कवा?"

माझे कान तापले. पण इफीला मजा वाटत होती. तिने आजीला पाय हलवत समजावलं, मी मध्ये भाषांतर करत होतो. आयरिशमध्ये काळ्यासाठी वेगळा शब्द आहे, पण जुन्या बोलीत 'काळा माणूस' म्हणजे सैतान. म्हणून कातडीने काळ्या माणसाला ते 'गोरम' म्हणतात. गोरम म्हणजे निळा. हल्ली कुणाकुणाला तो शब्द आवडत नाही, नवे शब्द आले आहेत, पण तिला तोच आवडायचा.

आईने तिचा हात धरून उजेडाकडे नेला, उलटसुलट करून पाहिला. "मग आमच्या विठोबाच्या रंगाची म्हण की. त्यो बी निळा."

"तो कुठला?" इफीने विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मुद्दाम विचारलं होतं.

"मूळचा कानडी म्हंत्यात," आई म्हणाली. "पण आता त्याला कोन इचारतंय? आमचाच हाय."

इफी हातातला चमचा तसाच धरून बसली. मग तिने ते वाक्य आईकडून तीनदा म्हणवून घेतलं, आईच्याच हेलात. आता त्याला कोन इचारतंय. पुढे कित्येक वर्षं कुठल्याही प्रसंगी ती ते वापरायची. टोस्ट मूळचा पांढरा होता, आता त्याला कोन इचारतंय.

त्या दिवशी मी तिच्याकडे माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "आजी तोंडावर बोलली, काका. शाळेत कुणी असं बोलत नाही. न विचारता केसांना हात लावतात फक्त." आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेली. मला वाटलं, हिला काही लागत नाही. लहान मुलं आपल्याला सोयीची गोष्ट पटवून देण्यात फार हुशार असतात.

ती कॅमोगी खेळायची. हा खेळ वाचकांनी पाहिला नसेल तर कल्पना करा, हॉकीची काठी, पण चेंडू जमिनीवर कमी आणि हवेत जास्त, आणि दोन्ही बाजूंच्या पंधरापंधरा मुलींना जिवाची पर्वा नाही. ती पंधरा वर्षांची असताना एका सामन्यात तिने गोल केला आणि समोरच्या संघाच्या कुणा मुलीचा बाप कडेला उभा होता, तो मोठ्याने म्हणाला, "ए, तुझ्या देशात जाऊन खेळ." पंचाने ऐकलं नाही असं दाखवलं. मी त्या माणसापासून चार पावलांवर होतो. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. मला अजून ते बूट आठवतात, त्यांच्या नाड्या कशा बांधल्या होत्या तेही.

त्यानंतर भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. कुंपणावर कुणी बसेना. कचऱ्याची गाडी आली आणि गेली, कुणी समालोचन केलं नाही. वर्षभर इफी 'ग्रँड', म्हणजे इथलं 'ठीक', एवढा एकच शब्द बोलायची. कशी आहेस, ग्रँड. शाळा, ग्रँड. ब्लेसिंगने तिला सुट्टीत नायजेरियात, लागोसला मावशीकडे नेलं, आपल्या माणसांत बरं वाटेल म्हणून. परत आली ती थेट आमच्या दारात, बॅगसुद्धा घरात न टाकता.

"काका, तिकडे पोरं मला काय म्हणाली सांग."

"काय?"

"गोरी." ती दारातच हसत सुटली. "बोलते गोरीसारखी, चालते गोरीसारखी. म्हणजे बघ, तिकडे गोरी, इकडे काळी, आयरिशमध्ये निळी. मी मुलगी नाही, रंगपेटी आहे." आणि मग बॅग ओढत घरी जाताना तिचा जुना आवाज लागला, "…आणि ती चौदा नंबरच्या दाराशी पोचलीय, चावी सापडेल का, सभ्य स्त्रीपुरुषहो, चावी सापडेल का…" मी आत जाऊन बायकोला सांगितलं, भिंत बोलायला लागली.

शिकून ती आयरिश माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, आणि शनिवारी एका लहानशा आयरिश भाषेतल्या रेडिओवर कॅमोगीच्या सामन्यांचं समालोचन करायला लागली. मला आयरिश येत नाही. तरी दर शनिवारी मी स्वयंपाकघरात रेडिओ लावून उभा राहायचो. तिचा आवाज चेंडूबरोबर चढायचा आणि चेंडू खाली यायचं नाव घेत नसे, श्वास कुठे घेते कळायचं नाही, आणि मी हातात झारा घेऊन चुलीपुढे "मार, मार की" असं म्हणत असायचो. 'इफी' हे नाव इथल्या एका अगदी घरगुती आयरिश नावासारखं ऐकू येतं. त्यामुळे ऐकणाऱ्यांनी आपल्या मनाशी एक मुलगी उभी केली होती, आणि ती आमची इफी नव्हती.

एकदा सामन्यानंतर क्लेअर परगण्यातून एका म्हाताऱ्याचा रेडिओवर फोन आला. तो म्हणाला, अशी भाषा मी माझ्या आजीनंतर ऐकली नाही, पोरी, तू कुणाची? हे सांगायला इफी मागच्या दाराने आली आणि ओट्यावरच चढून बसली. "के लेश हू," ती म्हणाली. "असं विचारलं त्याने. जुन्या गावांत तू कुठली असं नाही विचारत, काका. विचारतात, तू कुणाची? एखादी पोर आपलीच आहे हे धरून चाललं, की मग असं विचारतात. फक्त कोणाच्या घरातली तेवढं कळायचं असतं."

"आमच्याकडे खेड्यात हेच विचारतात," मी म्हणालो. "कुणाची गं तू?"

ती ओट्यावरून खाली उतरली. "मग सोफ्याच्या दिवशी मला ते का नाही विचारलंस?"

मी चहा ठेवायला वळलो. तीच पुढे म्हणाली, ह्या वेळी हळू आवाजात, "आवाज ऐकून विचारलं त्याने. बघून विचारेल का?"

हे तिला कळून घ्यायचं होतं. नंतरच्या दोन वर्षांत तिने हा विषय काढला नाही, पण तो कुठे गेला नव्हता. मागच्या शरदात एनिसजवळ एक मोठा सामना होता आणि रेडिओने पहिल्यांदाच तिला मैदानावरून बोलायला पाठवायचं ठरवलं. मैदानावर भोंगेही लावणार होते. एनिस म्हणजे त्या म्हाताऱ्याचाच मुलूख. सकाळी तिची गाडी सुरू होईना. मी म्हणालो, चल, मी सोडतो. अडीच तास ती गाडीत दोन्ही संघांची नावं घोकत होती आणि मधूनच खिडकीबाहेरच्या गाईंचं समालोचन करत होती.

फाटकावर पिवळ्या जाकिटातला माणूस होता. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी सौजन्याने सांगितलं, "सँडविचवाले मागच्या बाजूने, पोरी." इफीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, काय बोलावं ते जुळवायला लागलो, आणि तेवढ्यात ती त्याच्याशी आयरिशमध्ये बोलली. काय बोलली मला माहीत नाही. तीस सेकंद न थांबता बोलली. तो माणूस टोपी काढून बाजूला झाला.

सामन्याचं काय सांगू. मी स्टँडमध्ये बसलो होतो, डोक्यावर भोंगा, आणि भोंग्यात इफी. शेवटच्या पाच मिनिटांत दोन्ही संघ बरोबरीत आले आणि अख्खं मैदान तिच्या आवाजावर उभं राहिलं. मी बाकावर चढलो होतो. माझ्यासारखा माणूस, जो नाटकातही टाळ्या बेताने वाजवतो, तो बाकावर चढून मराठीत ओरडत होता आणि शेजारच्या बाईने मला मिठी मारली. शेवटचा चेंडू खांबांच्या मधून गेला तेव्हा इफीचा आवाज फाटला… आणि मग तिने एक क्षण श्वास घेतला आणि रोजचं 'इफी' न म्हणता आपलं पूर्ण नाव सांगितलं. इफेओमा, पुढे आईचं आडनाव, पुढे क्लोनडॉकिन. भोंग्यातून आणि रेडिओवरून.

ती समालोचनाच्या पत्र्याच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा पायऱ्यांशी एक म्हातारा काठी टेकून उभा होता. मागे फोन मीच केला होता, आवाजाची पोरगी बघायला आलो, असं तो सांगत होता. मी शेजारीच होतो. त्याने तिला पाहिलं. डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. इफी गप्प, आणि ती गप्प बसली की मला भीती वाटायची. मग त्याने काठी डाव्या हातात घेतली, उजवा पुढे केला आणि म्हणाला, "के लेश हू?"

आयरिशमधलं तेवढं एकच वाक्य मला येतं.

तिने सांगितलं, ब्लेसिंगची. क्लोनडॉकिनची. मग माझ्याकडे बोट दाखवून आणखी काही म्हणाली, आणि म्हाताऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळून गंभीरपणे मान डोलावली. गाडीत बसल्यावर मी विचारलं, माझ्याबद्दल काय सांगितलंस? "सांगितलं, हा माझा काका. त्याला वाटलं, हा माझा केक. तो म्हणाला, असेल बाबा, डब्लिनवाल्यांचं काही सांगता येत नाही." लिमरिक मागे पडेपर्यंत आम्ही हसत होतो. नंतर पाहिलं तर ती रडतही होती. मी गाडी हळू केली, तर म्हणाली, "चालव, चालव. ग्रँड आहे."

तो मंगळवार त्यानंतर सात महिन्यांनी आला.

इथे माणूस गेलं की त्याला घरी आणतात. पेटी उघडी ठेवतात, शेजारी रांगेने येतात, चहा अखंड चालू असतो आणि प्रत्येक जण काहीतरी करून आणतो. आपल्याकडे गेल्याघरी कुणी गोड नेत नाही. तरी बुधवारी मी आयुष्यात पहिल्यांदा केक केला आणि घेऊन गेलो. तो मध्ये बसला होता. ब्लेसिंगने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिच्यासारखाच केलात, पापा सई." आणि सुरी आणायला गेली. पेटीवर तिचा खेळाचा निळा शर्ट घातला होता.

त्याच टेबलाशी अंत्यविधी करणाऱ्यांकडचा एक तरुण कारकून निधनाची सूचना लिहायला बसला होता. मुलगा भला होता, आवाज मऊ. ब्लेसिंगने त्याला कागद माझ्याकडे द्यायला सांगितलं, "हे चुका काढतात." मी वाचायला लागलो. नाव बरोबर होतं. पुढे लिहिलं होतं, क्लोनडॉकिन, आणि मूळची नायजेरियाची.

"ही ओळ काढा," मी म्हणालो.

"मला वाटलं, सर… आई तिकडच्या आहेत, तर कुटुंबाला आवडेल."

"तिचा जन्म इथला. ती तिथे एकदा सुट्टीला गेली होती." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी थांबलो नाही. "मूळचीच लिहायचं असेल तर मूळची क्लोनडॉकिनची लिहा. चाळीस नंबर, मग चौदा नंबर."

त्याने ओळ खोडली आणि मी सांगितलं तसं लिहिलं. ब्लेसिंगने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग ती त्याला म्हणाली, आता मागे कोण राहिलं ते लिही. आई ब्लेसिंग. मैत्रीण सई. आणि तिचा काका.

कारकून थांबला. शाळेत आयरिश शिकलेला इथलाच मुलगा तो. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "सर, ह्या शब्दावर रेघ देऊ का? नाही दिली तर अर्थ… बरा होत नाही. पण दिली तर लोकांना वाटेल, केक."

"रेघ द्या," मी म्हणालो. "वाटू दे."

महिन्याच्या प्रार्थनेला इथे गेलेल्या माणसाचं एक लहान कार्ड छापून वाटतात. त्यावर तोच मजकूर आला. एका बाजूला इफी, तोंड उघडं, अर्थातच काहीतरी बोलताना. दुसऱ्या बाजूला खाली, आई आणि मैत्रीण यांच्या पुढे, रेघेसकट, केक. माझा हा व्यवसाय सुरू झाल्यापासून मी माहीत असून सोडलेली ही एकच चूक आहे.

शनिवारी आता भिंतीपलीकडे शांतता असते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, ज्याला इथे प्रेस म्हणतात, इफीचा कप आहे आणि कपाटाच्या दाराला आतून ते कार्ड चिकटवलं आहे. चहा करायला दार उघडलं की ते दिसतं. त्यावर लिहिलं आहे, मूळची क्लोनडॉकिनची.